'कृष्ण' या विशेषणाचे ओझे : मराठी विज्ञानलेखनातील आकाशगंगेच्या घडणीची चिकित्सा

प्रास्ताविक

पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात 'आपली आकाशगंगा कशाची बनलेली आहे?' असा प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा एका शब्दाचे उत्तर मिळते : 'ताऱ्यांची'. विज्ञान शाखेकडून आलेला एखादा विद्यार्थी त्यात ग्रह, धूमकेतू आणि अर्थातच कृष्णविवर यांची भर घालतो. प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक असल्याने हे उत्तर तपासण्याचा आपला अधिकार नाही, असे त्यास प्रारंभी वाटत असे. परंतु हे उत्तर विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतून आणलेले नसते. ते त्याने मराठी पुस्तकांतून, नियतकालिकांतून आणि वृत्तपत्रांच्या विज्ञानविषयक पुरवण्यांतून उचललेले असते. तेव्हा त्या उत्तराची तपासणी हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम ठरते.

उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. मात्र हे अपुरेपण किरकोळ नव्हे. रस्त्यावरून दिसणाऱ्या तुऱ्यांवरून उसाच्या फडाचे वर्णन करावे, तशातला हा प्रकार आहे. आज सर्वसाधारणपणे स्वीकारल्या जाणाऱ्या अंदाजानुसार आकाशगंगेचे एकूण वस्तुमान सुमारे एक लाख कोटी सूर्यांइतके वा त्याहून काहीसे अधिक आहे. सर्व ताऱ्यांचे मिळून वस्तुमान पाच ते सहा हजार कोटी सूर्यांइतके, म्हणजे शेकडा पाच-सहाच्या घरात भरते. ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेला वायू ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या साधारण एक दशांश ते एक पंचमांश असावा, आणि धूळ त्या वायूच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी. ग्रहांचा तर हिशेबच नको. आपल्या सूर्यमालेचे ९९.८६ टक्के वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. बाकी राहिलेला प्रचंड हिस्सा ज्याचा आहे, त्याला मराठीत कधी कृष्णद्रव्य, कधी कृष्णपदार्थ, कधी गडद पदार्थ, तर कधी अदृश्य वस्तुमान म्हटले जाते.

ही आकडेवारी मराठीत उपलब्ध नाही असे मुळीच नाही. ती अनेक पुस्तकांत आहे. तरीही ती वाचकाच्या मनात का टिकत नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, आकाशगंगेच्या घटकांसाठी आपण जे शब्द योजले, ते वाचकाच्या हाती माहितीच्या आधी एक चित्र देतात. आणि त्या चित्रात फक्त जे उजळते त्यालाच जागा आहे. जे उजळत नाही त्या सर्वांना आपण 'कृष्ण' या एका विशेषणाखाली कोंबले आहे.

नदी, तळे आणि छाया

प्रथम नावाचाच विचार करू. 'आकाशगंगा' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. रात्री आकाशात दिसणारा दुधट पट्टा हा त्याचा मूळ अर्थ. ज्या तारकासंस्थेत आपण राहतो ती संपूर्ण संस्था, हा दुसरा. तिसरा, सैल अर्थही आता रूढ होतो आहे : 'विश्वात अब्जावधी आकाशगंगा आहेत' असे वाक्य वृत्तपत्रात सहज आढळते. या तिसऱ्या अर्थासाठी मराठीत 'दीर्घिका' हा नेमका शब्द असून तो मराठी विश्वकोशाने आणि पाठ्यपुस्तकांनी स्वीकारलेला आहे. शालेय पुस्तकांत आपल्या दीर्घिकेस 'मंदाकिनी' असेही म्हटलेले आढळते. हिंदीत मात्र मंदाकिनी हा शब्द कोणत्याही दीर्घिकेसाठी वापरतात. म्हणजे सीमाभागातील अथवा हिंदी वाहिन्या पाहणारा विद्यार्थी एकच शब्द घेऊन दोन भिन्न वस्तूंकडे पाहत असतो.

हा घोळ केवळ नावांचा नाही. गंगा आणि मंदाकिनी या नद्या आहेत. दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळे, पुष्करिणी. नदी वाहते, तळे साचते. दोन्हींत पाणी आहे, पण दोन्ही शब्द वाचकाला काठावर उभे करतात. वस्तुस्थिती अशी की आपण काठावर नाही, पाण्यात आहोत. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षांवर, तिच्या चपट्या तबकडीच्या आत आहे. ती तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. पट्टा दिसतो तो आपण तबकडीच्या आतून तिच्या कडेच्या दिशेने पाहतो म्हणून. नदीच्या प्रतिमेत हे आतून पाहणे हरवते.

नद्यांचा हा मोह अद्याप ओसरलेला नाही, हे सांगावयास हवे. २०१७ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या दीर्घिकांच्या महासमूहास 'सरस्वती' हे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक दूरस्थ सर्पिल दीर्घिका शोधली. विश्वाचे वय अवघे दीडशे कोटी वर्षे असतानाची ती आहे. तिला 'अलकनंदा' असे नाव मिळाले, कारण अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी नदी. नाव सुंदर आहे, अन्वर्थकही आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नावांना नाही. नावाबरोबर येणाऱ्या चित्रात पुढे कोणतीही दुरुस्ती केली जात नाही, याला आहे.

संस्कृत परंपरेत मात्र एक वेगळा शब्दही आहे : 'छायापथ'. कालिदासाने 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात, सेतूने दुभंगलेल्या समुद्राला छायापथाने दुभंगलेल्या शरदातील आकाशाची उपमा दिली आहे. संस्कृतात 'छाया' म्हणजे सावली आणि 'छाया' म्हणजे कांतीही. ज्या पट्ट्यात उजेड आणि अंधार एकमेकांत मिसळलेले दिसतात, त्याला यापेक्षा योग्य शब्द सुचणे कठीण. बंगालीने हा शब्द उचलला आणि दीर्घिका या सामान्य अर्थाने तो तेथे आजही रूढ आहे. मराठीने तो बाजूस ठेवला. हे का झाले याचा शोध हा स्वतंत्र विषय होईल. येथे एवढेच नोंदवावयाचे की, ज्या शब्दात अंधाराला जागा होती तो आपण घेतला नाही.

ताऱ्यांची मोजदाद

मराठीतील लोकप्रिय खगोललेखनाची परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांचे 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' हे पुस्तक तिच्या आरंभी उभे आहे. दीक्षितांच्या काळी आकाशगंगा ही ताऱ्यांचीच बनलेली आहे, असे म्हणणे अत्यंत योग्य होते. आकाशगंगेबाहेर इतर दीर्घिका आहेत याचा निर्णायक पुरावा एडविन हबल यांनी १९२४ साली मांडला. ताऱ्यांच्या दरम्यानची जागा रिकामी नसून तेथील धूळ प्रकाश अडवते, हे रॉबर्ट ट्रंपलर यांनी १९३० मध्ये दाखविले. हायड्रोजन अणूपासून निघणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा अंदाज १९४४ मध्ये व्हान डे हल्स्ट यांनी वर्तविला आणि १९५१ मध्ये त्या प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. दीक्षित यांपैकी काहीच पाहू शकले नाहीत. आश्चर्य आहे ते त्यांच्यानंतरच्या लेखनाचे. शास्त्र पुढे गेले, पुस्तकांतील तारखा आणि आकडे बदलले. पण मांडणीची रीत दीक्षितकालीनच राहिली. आधी तारे, मग ताऱ्यांचे रंग, मग त्यांची जीवनयात्रा, मग तारकागुच्छ, आणि अखेरीस एका परिच्छेदात 'याशिवाय वायू व धूळही असते'. त्या 'याशिवाय'मध्ये आकाशगंगेचा फार मोठा भाग बुडून जातो.

ताऱ्यांच्या बाबतीतही हीच तऱ्हा. आकाशगंगेत दहा हजार कोटी ते चाळीस हजार कोटी तारे असावेत, असा आकडा प्रत्येक पुस्तकात असतो. त्या आकड्याने वाचक थक्क होतो. परंतु हे तारे कोणते, हे त्यास कळत नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तारे संपूर्ण आकाशात मिळून काही हजार. ते जवळचे आहेत म्हणून दिसतात असे नाही; त्यांतील बहुसंख्य मूळचेच तेजस्वी आहेत म्हणून दिसतात. आकाशगंगेतील सुमारे तीन चतुर्थांश तारे हे मंद, तांबडे, सूर्याहून बरेच लहान असे खुजे तारे आहेत. त्यांपैकी एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, हा त्याच जातीचा. तोही दुर्बिणीशिवाय दिसत नाही. म्हणजे अभिजित, श्रवण, ज्येष्ठा, चित्रा या ज्या ताऱ्यांना आपल्या भाषेत नावे आहेत, ते आकाशगंगेच्या लोकसंख्येचे प्रतिनिधी नव्हेत. नाव आहे त्यालाच अस्तित्व आहे, ही भाषेची जुनी खोड येथे शास्त्रीय चूक होऊन बसते.

ताऱ्यांच्या द्रव्याविषयीही थोडे. आकाशगंगेतील तारे आणि वायू यांचे साधारण तीन चतुर्थांश वस्तुमान हायड्रोजनचे, जवळजवळ एक चतुर्थांश हेलियमचे, आणि इतर सर्व मूलद्रव्ये मिळून शेकडा एक ते दोन. तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे आहेत, हे सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखविले, ते मेघनाद साहांच्या १९२० च्या आयनीभवन सिद्धांताचा आधार घेऊन. खगोलशास्त्रज्ञ हेलियमच्या पुढील साऱ्या मूलद्रव्यांना, ऑक्सिजन आणि कार्बन यांनाही, 'धातू' म्हणतात. मराठी अनुवादात हा शब्द जसाच्या तसा आला की वाचक लोखंड-तांब्याची कल्पना करतो. मात्र आयुर्वेदातील सप्तधातू ध्यानी घेतले, तर धातू म्हणजे घटक हा अर्थ आपल्या भाषेस परका नाही. असो.

धूळ की काजळी

इस्लामपूर (२०२५ मध्ये ज्याचे ईश्वरपूर असे नामांतर करण्याचा निर्णय झाला) उत्तर अक्षांश १७ अंशांच्या जवळ आहे. आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या दिशेस असून येथून ते दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४४ अंश उंच येते. ज्या वायव्य युरोपात आधुनिक खगोलशास्त्राची बरीचशी पुस्तके लिहिली गेली, तेथून ते क्षितिजाच्या जेमतेम नऊ-दहा अंश वर दिसते. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर, गावाच्या दिव्यांपासून दूर, कृष्णेच्या किंवा वारणेच्या काठच्या रानात उभे राहिले, तर हंसापासून श्रवणाच्या जवळून धनूकडे उतरणारा पट्टा दिसतो. आणि त्या पट्ट्याच्या मधोमध त्याला उभा चिरणारी काळी फाक दिसते. आषाढ-श्रावणात आभाळ झाकलेले असते. मग शरदात संध्याकाळी नैर्ऋत्येस पुन्हा थोडा वेळ हे दर्शन होते. ही काळी फाक म्हणजे आकाशगंगेतील वायू-धुळीचे दाट ढग. दक्षिण अमेरिकेतील इंका लोकांनी अशा काळ्या आकारांत प्राणी पाहिले, ऑस्ट्रेलियातील आदिवासींनी एमू पक्षी पाहिला. आपल्या नक्षत्रपरंपरेत या अंधाराला नाव नाही.

विल्यम हर्शेल यांना अठराव्या शतकात अशा काळ्या जागा म्हणजे ताऱ्यांमधील मोकळी भोके वाटली. पुढे एडवर्ड बर्नार्ड यांनी छायाचित्रे घेऊन अशा जागांची सूची १९१९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती भोके नसून मध्ये आलेले ढग आहेत, हा विचार दृढ झाला. या ढगांसाठी मराठीत दोन शब्द आहेत. विश्वकोशाने 'अभ्रिका' हा शब्द वापरला. लोकप्रिय लेखनात 'तेजोमेघ' रुळला. मृगनक्षत्रातील प्रसिद्ध अभ्रिका तेजस्वी असल्याने तेजोमेघ हा शब्द पटकन पटतो. परंतु जो ढग प्रकाश देत नाही, उलट अडवतो, त्याला काय म्हणावे? मग 'कृष्ण तेजोमेघ' अथवा 'काळे तेजोमेघ' असे आत्मविरोधी शब्दप्रयोग छापून येतात. तेजाचा मेघ आणि तोही काळा! विद्यार्थी हे पाठ करतो. त्याला अर्थ विचारण्याची सोय नसते. 'अभ्रिका' म्हणजे लहानसा ढग. तेजाविषयी हा शब्द मौन बाळगतो, आणि हेच त्याचे सामर्थ्य आहे. साताऱ्याच्या वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वकोशासाठी परिभाषा ठरविताना जी शिस्त पाळली, तिचा हा एक छोटा दाखला. विश्वकोशाची भाषा जड आहे अशी तक्रार नेहमी केली जाते. ती सर्वस्वी निराधार नाही. पण येथे जड शब्द बरोबर निघाला आणि सोपा शब्द चुकीचा, हे कबूल केले पाहिजे.

'धूळ' या शब्दाचीही अशीच गत आहे. मराठीत धूळ म्हणजे मातीची, पायांखालची, डोळ्यात जाणारी. आंतरतारकीय धुळीचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात, वाळूसारख्या सिलिकेटांचे आणि कार्बनचे. आकाराने ते धुरातील कणांच्या जवळचे. चुलीवरच्या काजळीची आठवण करून दिली, तर आपल्याकडील वाचकास ते अधिक नीट उमजेल. इतक्या सूक्ष्म आणि विरळ काजळीची शक्ती केवढी, हे पाहण्यासारखे आहे. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लाख कोटींतील एक भाग आपल्यापर्यंत पोचतो; बाकी सारा वाटेतच अडतो किंवा विखुरतो. अवरक्त प्रकाशातील योग्य लहरी निवडल्या, तर मात्र दहातील एक भाग पोचतो. म्हणूनच केंद्रातील कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा अवरक्त दुर्बिणींनीच मोजता आल्या. त्या कामासाठी राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चे नोबेल पारितोषिक, रॉजर पेनरोझ यांच्यासह, मिळाले.

एका विशेषणाचे तीन अर्थ

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मराठी विज्ञानलेखनात 'कृष्ण' हे विशेषण आकाशगंगेच्या तीन घटकांना लावले जाते : कृष्णविवर, कृष्ण अभ्रिका (किंवा कृष्णमेघ), आणि कृष्णद्रव्य. तिन्ही शब्दांत तो एकच वर्ण आहे. पण तिन्हींमागील भौतिक वस्तुस्थिती एकमेकींपासून सर्वथा भिन्न आहे. कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडू शकत नाही. कृष्ण अभ्रिका पलीकडचा प्रकाश शोषून घेते व विखुरते. कृष्णद्रव्य यांपैकी काहीच करीत नाही. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, परतवत नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो. म्हणजे ते काळे नाहीच, ते पारदर्शक आहे. काचेच्या तावदानाला काळे म्हणावे, असा हा प्रकार झाला.

इंग्रजीतही यांपैकी दोहोंना एकच विशेषण आहे आणि तेथेही गैरसमज होतात, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण तेथे विवराला काळे म्हटले आहे आणि अभ्रिका व द्रव्य यांना अंधारे. निदान एक भेद राखला गेला आहे. मराठीने तोही मिटविला. शिवाय 'अंधारे' या शब्दात 'अज्ञात' हा लाक्षणिक अर्थ आहे, 'कृष्ण' या शब्दात तो तितका सहज येत नाही. कृष्ण हा आपल्याकडे रंग आहे, आणि फार प्रिय रंग आहे. कृष्णाकाठी राहणाऱ्या आपणांस या शब्दाने अंधाराची नव्हे, तर भरल्या पात्राची आठवण व्हावी, हेच स्वाभाविक.

या तिघांपैकी कृष्णविवराचे भाग्य मराठीत मोठे. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविलेली आणि पारितोषिक मिळविलेली कथा 'कृष्णविवर' याच नावाची होती. हा शब्द सामान्य वाचकाच्या तोंडी रुळण्यात त्या कथेचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. तेव्हापासून आकाशगंगेविषयीच्या मराठी मजकुरात केंद्रातील कृष्णविवराला सर्वाधिक जागा मिळते. मे २०२२ मध्ये त्याची प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनीही ती ठळकपणे छापली. या विवराचे वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतके. आकडा भव्य वाटतो. परंतु संपूर्ण आकाशगंगेच्या वस्तुमानाच्या हिशेबात तो दहा लाखांत चार-पाच भाग एवढाच. ज्या धुळीला आपण एका वाक्यात निकालात काढतो, तिचे एकूण वस्तुमान या विवराच्या अनेक पटींनी अधिक आहे. कथेला विवर हवे असते, कारण त्यात पडता येते. धुळीत आणि वायूत कथा सापडत नाही. विज्ञानकथेने मराठीला दिलेले धन मोठे आहे. पण तिने लावलेले हे प्रमाणभान विज्ञाननिबंधानेही निमूटपणे उचलावे, हे काही बरे नव्हे.

कृष्णद्रव्याची अडचण वेगळी आहे. ते कथेत येते तेव्हा एखाद्या दाट, काळ्या, ओतीव पदार्थासारखे येते. 'गडद पदार्थ' हा शब्द तर वाचकाला थेट डांबराकडे नेतो. प्रत्यक्षात सूर्याच्या आसपास हे द्रव्य इतके विरळ असल्याचे अनुमान आहे की, पृथ्वीएवढ्या घनफळात ते सारे मिळून अर्धा ते पाऊण किलो भरेल. तरीही आकाशगंगेचा मोठा भार त्याचाच, कारण ते ताऱ्यांच्या तबकडीपलीकडे फार दूरवर, सर्व दिशांना पसरलेले आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाचकाच्या मनातील काळा गोळा आपोआप विरघळतो. मराठीत असे आकडे शेजारी ठेवलेले लेखन फार थोडे आहे.

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. तम म्हणजे अंधार हे द्रव्य आहे काय? भाट्ट मीमांसकांनी त्यास द्रव्य मानले, कारण त्याला नीलरूप आहे आणि ते हलताना दिसते. नैयायिक-वैशेषिकांनी ते नाकारले. अंधार म्हणजे तेजाचा अभाव, निराळी वस्तू नव्हे, असे त्यांचे म्हणणे. या वादात आधुनिक शोधाची बीजे शोधण्याचा उद्योग अलीकडे होतो. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. परंतु 'कृष्णद्रव्य' हा शब्द घडविताना आपण नकळत मीमांसकांचे चित्र घेतले : रंग असलेला, दिसणारा अंधार. वस्तुस्थिती दोन्ही पक्षांच्या पलीकडची आहे. ते तेजाचा अभाव नव्हे, कारण त्याला वस्तुमान आहे. आणि त्याला नीलरूपही नाही.

पुरावा कोठे आहे?

शब्दांइतकाच गंभीर दोष मांडणीत आहे. आपले लेखन घटकांची यादी देते, ते कसे कळले हे सांगत नाही. याचे उत्तर बरेचसे महाराष्ट्रातच सापडण्यासारखे असताना ही उणीव अधिक खटकते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी ती टिपू शकते; आणि दूरच्या दीर्घिकांतून आलेल्या, वाटेत ताणल्या गेलेल्या त्याच लहरीही. याच दुर्बिणीने २०२० साली सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील अणुरूप हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान मोजण्यात आले, आणि ते त्या काळच्या ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या तोडीचे वा त्याहून अधिक असल्याचे दिसले. दीर्घिका आज ताऱ्यांची दिसते. एके काळी ती वायूची होती. हे एक वाक्य मराठी पुस्तकात घालावयाचे, तर त्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची गरज नाही.

कृष्णद्रव्याचा पुरावाही गतीचा आहे. सूर्य दर सेकंदास सुमारे २२० ते २४० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो आणि एका फेरीस बावीस-चोवीस कोटी वर्षे घेतो. केंद्रापासून दूर जावे तसा हा वेग बराच घटावयास हवा होता. दीर्घिकांत तो तसा घटत नाही, हे व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अनेक दीर्घिकांबाबत दाखविले. न दिसणारे वस्तुमान मानल्याशिवाय हे जुळत नाही, किंवा मग गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागतो. असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. म्हणजे कृष्णद्रव्य ही पाहिलेली वस्तू नाही, काढलेले अनुमान आहे. त्याचा एकही कण अद्याप प्रयोगशाळेत सापडलेला नाही. मराठी लेखनात हा 'अनुमान' शब्द क्वचितच येतो. न्यायशास्त्राची एवढी मोठी परंपरा असलेल्या भाषेने प्रत्यक्ष आणि अनुमान यांतील भेद गाळावा, याचे नवल वाटते.

या संदर्भात नारळीकरांच्या लेखनाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. कोल्हापुरात जन्मलेले (१९३८) आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले हे शास्त्रज्ञ अर्धशतकाहून अधिक काळ मराठी वाचकाचे आकाशाचे मुख्य मार्गदर्शक होते. नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. आणि हे मार्गदर्शक स्वतः विश्वोत्पत्तीच्या बाबतीत अल्पमतात होते. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये महास्फोट सिद्धांताला पर्यायी प्रतिकृती मांडली. ती बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही. त्यांचा पक्ष बरोबर की चूक, हा येथे प्रश्न नाही. मान्य सिद्धांताला पुराव्यासह प्रश्न विचारण्याची रीत मराठी वाचकासमोर इतकी वर्षे वावरत होती. नंतरच्या लेखकांनी त्यांच्याकडून कथेची रंजकता घेतली, सोप्या दृष्टान्तांची हातोटी घेतली. त्यांचा संशय मात्र घेतला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संशयाची गरज आजही आहे. युरोपच्या गाइआ उपग्रहाने २०१४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत निरीक्षणे केली आणि सुमारे १८० कोटी ताऱ्यांची स्थाने व तेजस्विता नोंदविली. त्याच्या २०२२ च्या माहितीसंचावर आधारलेल्या काही विश्लेषणांत आकाशगंगेच्या बाह्य भागात फिरण्याचा वेग घटत असल्याचे दिसले. ते खरे धरल्यास तिचे एकूण वस्तुमान आजवरच्या अंदाजाच्या सुमारे एक पंचमांशच निघते. इतर अभ्यासकांना हा निष्कर्ष मान्य नाही आणि वाद मिटलेला नाही. तेव्हा या लेखाच्या आरंभी दिलेला लाख कोटींचा आकडाही अंतिम समजू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीचे विज्ञान विषय मराठीतून शिकविण्याची पुस्तके तयार होऊ लागली आहेत. अशा वेळी परिभाषा ठरविणाऱ्यांपुढे काही सूचना ठेवाव्याशा वाटतात. तेजोमेघ हा शब्द केवळ तेजस्वी अभ्रिकांपुरता राखावा. सामान्य संज्ञा म्हणून अभ्रिका वापरावी. 'आकाशगंगा' हे विशेषनाम आणि 'दीर्घिका' हे सामान्यनाम असा भेद काटेकोर पाळावा. कृष्णद्रव्याबाबत निर्णय कठीण आहे. 'अदीप्त द्रव्य' म्हणावे, तर ग्रह आणि धूळही अदीप्तच. 'अदृश्य द्रव्य' म्हणावे, तर हायड्रोजनचा थंड वायूही डोळ्यांना अदृश्यच असतो, पण रेडिओ दुर्बिणीस तो दिसतो. 'अलिप्त द्रव्य' हा शब्द लेखकास काही काळ मोहवीत होता. मात्र जे साऱ्या आकाशगंगेला आपल्या ओढीने बांधून ठेवते, त्यास अलिप्त कसे म्हणावे? 'पारदर्शी द्रव्य' हा पर्याय त्यातल्या त्यात वस्तुस्थितीस धरून आहे. रुळलेला शब्द बदलणे अशक्य असेल, तर निदान पुस्तकात 'कृष्णद्रव्य' हा शब्द पहिल्यांदा येईल त्याच वाक्यात, ते काळे नसून त्यातून प्रकाश आरपार जातो, एवढे तरी छापावे.